एका निनावी ओढीचा इतिहास

दिवाळी अंकात इतिहासाचा लेख म्हटला, की वाचक गडकोट, लढाया आणि बखरी यांची अपेक्षा ठेवतात, आणि ती रास्तच आहे. आमच्या मराठवाड्यात तर या गोष्टींना तोटा नाही. देवगिरीचा किल्ला शहराच्या वेशीबाहेर उभा आहे, अजिंठा-वेरूळ ऐकून ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. परंतु मी आज जो इतिहास सांगणार आहे त्यात राजा नाही आणि लढाईही नाही. तो आहे एका ओढीचा. ती ओढ माझ्या मनात कशी उमलली, तिला नाव मिळायला किती वर्षे लागली, आणि ते नाव माझ्यापर्यंत कोणत्या वाटेने आले, एवढेच मला सांगायचे आहे.

प्रथम थोडी ओळख करून देतो. मी औरंगाबादचा. २०२३ सालापासून आमच्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, पण बालपणाच्या गोष्टी सांगताना जुने नाव तोंडात येते, ते वाचकांनी चालवून घ्यावे. १९९५ साली मी एस. एस. सी. झालो. आमचे वडील त्याला अखेरपर्यंत ‘मॅट्रिक’च म्हणत. पुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. चित्रकला शिकलो, शाळेत चित्रकलेचा शिक्षक झालो आणि रात्री कादंबऱ्या लिहू लागलो. वय सेहेचाळीस. अविवाहित आहे, आणि समलिंगी आहे. हे शेवटचे वाक्य कुटुंबाने एकत्र वाचावयाच्या अंकात सरळ लिहिता यावे, यासाठी किती जणांनी किती वर्षे खर्ची घातली, याचाही हिशेब या लेखात पुढे येईलच.

माझ्या पिढीची गोष्ट दूरदर्शनवाचून सांगता येत नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण आले. त्यानंतर दोन वर्षांनी ‘हम लोग’ सुरू झाली आणि घरोघरच्या रात्रीच्या जेवणाची वेळ मालिका ठरवू लागली. आमच्या गावाला या यंत्राचा एक जास्तीचा अभिमान होता. पैठण रस्त्यावरच्या चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. आमच्या गल्लीतले कोणीतरी तेथे कामाला जाई, आणि त्यामुळे देशभर माणसे जी पेटी पाहतात ती जणू आपणच बनवतो, अशा थाटात आम्ही मुले बोलत असू. प्रत्यक्षात आमच्या घरी टीव्ही नव्हता. तो होता शेजारच्या काकूंकडे. गच्चीवर अँटेना, खाली टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, आणि समोर सतरंजीवर पंचवीस-तीस माणसे.

२५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ आणि २ ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’. त्या काळच्या रविवारच्या सकाळी ज्यांना आठवतात त्यांना अधिक सांगणे नको. गुलमंडीवरची वर्दळ थांबे. माणसे अंघोळी करून टीव्हीपुढे बसत. काकू तर पेटीला हळदकुंकू वाहत. मधेच लाइट गेले, की साऱ्या गल्लीतून एकच हाय ऐकू येई.

त्या सतरंजीवर मी नऊ वर्षांचा मुलगा बसलो होतो. पडद्यावर नितीश भारद्वाज यांचा कृष्ण आला, हसला, आणि मला काहीतरी झाले. काय झाले ते तेव्हा सांगता आले नसते. छातीत एक गोड भीती दाटली, एवढेच आठवते. पुढचा रविवार कधी येईल, असे सोमवारपासूनच वाटू लागले. वहीच्या मागच्या पानावर मी मोरपीस काढू लागलो. मोरपिसानंतर कपाळ, कपाळानंतर डोळे. घरच्यांना वाटे, पोर भाविक आहे. आजी तर शेजारपाजाऱ्यांना कौतुकाने वही दाखवी.

त्यानंतर १९८९ सालची ‘फौजी’ आली. त्यात शाहरुख खान नावाचा एक नवा मुलगा होता. त्याचे केस कपाळावर येत आणि तो बोलता बोलता अर्ध्यावर थांबे. कृष्णाच्या बाबतीत भक्तीचा आडोसा होता, इथे तोही उरला नाही. १९९४ साली ‘चंद्रकांता’ लागली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. वर्गातली मुले चंद्रकांतेविषयी बोलत. मी मात्र कुंवर वीरेंद्रसिंहाच्या, म्हणजे शाहबाज खानच्या, येण्याची वाट पाहत असे. आणि त्याच सुमारास मला पहिल्यांदा स्वच्छ कळले, की आम्ही सारे एकाच पडद्याकडे पाहत असलो, तरी मी दुसरेच काही पाहतो आहे.

टीव्हीचे एक वैशिष्ट्य मला पुढे फार वर्षांनी उमगले. रस्त्यात एखाद्याकडे टक लावून पाहिले, तर तो विचारतो, “काय रे, काय बघतोस?” पडद्यावरचा माणूस असे विचारीत नाही. शिवाय त्या खोलीत सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला असतात. कोणाची नजर कोठे खिळली आहे, हे शेजाऱ्याला दिसत नाही. पंचवीस-तीस माणसांच्या घोळक्यात बसून मी माझ्या मनातली सर्वांत खाजगी गोष्ट करीत होतो, आणि कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. टीव्हीने मला बिघडवले, असे कोणी म्हणेल, तर त्याला माझे उत्तर एवढेच, की त्या सतरंजीवर माझ्यासोबत बसलेल्या बाकीच्या मुलांनीही तेच पाहिले, आणि आज ती सारी लेकुरवाळी आहेत. टीव्हीने ओढ दिली नाही. होती ती ओढ निर्भयपणे अनुभवायला मला आठवड्यातून एक तास दिला.

निर्भयपणा त्या तासापुरताच होता, हेही सांगितले पाहिजे. महाभारतात पांडवांचा अज्ञातवास आला, अर्जुनाने बृहन्नडेचा वेष घेतला आणि विराटाच्या राजवाड्यात उत्तरेला नृत्य शिकवले. साऱ्या गल्लीने तो भाग हात जोडून पाहिला. कोणीही हसले नाही, अर्जुनच तो! आणि दुसऱ्या दिवशी शाळेत एका मुलाला, त्याची चाल थोडी नाजूक म्हणून, ‘बृहन्नडा’ म्हणून हाका मारण्यात आल्या. मधल्या सुटीपर्यंत ते नाव वर्गभर झाले. वर्गात आलेल्या मास्तरांनीही तेच नाव घेऊन त्याला फळ्याजवळ बोलावले, तेव्हा सारा वर्ग हसला. त्या वर्षाअखेर त्याने शाळा सोडली. त्या दिवसापासून मी शाळेच्या रस्त्याने जाताना स्वतःच्या सावलीकडे पाहू लागलो. ती नीट पुरुषासारखी चालते ना, हे मी तपासत असे.

तेव्हा मला ठाऊक नव्हते, की ज्या गावात मी सावलीला घाबरून चालत होतो, त्या गावाला हा विषय नवा नव्हता. येथून मी माझी गोष्ट थोडी बाजूला ठेवतो आणि गावाची सांगतो.

शाळेच्या सहली आजही अजिंठ्याला जातात. शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणी आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे चित्र. मान किंचित कललेली, डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर करुणा. मी दर वर्षी मुलांना त्याच्यापुढे उभे करतो आणि सांगतो, “रेषा पाहा.” पुरुषाचे रूप इतक्या मायेने न्याहाळणारे डोळे आणि ते रंगवणारे हात आपल्या मुलखात पंधराशे वर्षांपूर्वी होते. त्याच्याकडे टक लावून पाहणाऱ्याला आजही कोणी हटकत नाही.

शहराच्या दक्षिणेला पैठण. तेथे सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी गौळणी लिहिल्या. लिहिणारा पुरुष, गाणारा कीर्तनकार पुरुष, आणि कृष्णासाठी व्याकूळ होणारी वाणी मात्र गोपीची. ही भक्ती आहे, तिला मी दुसरा अर्थ चिकटवू इच्छीत नाही. परंतु पुरुषाने बाईच्या आवाजात सावळ्या रूपासाठी झुरावे आणि ऐकणाऱ्यांनी डोळे पुसावेत, यात आपल्या आज्या-पणज्यांना कधी काही वावगे वाटले नाही, ही गोष्ट इतिहास म्हणून नोंदवण्याजोगी आहे. माझ्या वहीतल्या मोरपिसाचे आजीला कौतुक वाटले, त्याच्यामागे ही परंपरा होती.

आणि तिसरे नाव सिराज औरंगाबादी यांचे. हा कवी आमच्याच गावचा. अठराव्या शतकात तो होऊन गेला आणि १७६३ साली इथेच वारला. एका उर्दू शाळेतल्या शिक्षकमित्राने मला त्याची ओळख करून दिली. ऐन तारुण्यात सिराजला असे काही वेड लागले, की तो भान हरपून खुलताबादच्या दर्ग्यांच्या परिसरात भटके. पुढे १७४७ च्या सुमारास त्याने ‘बोस्तान-ए-खयाल’ नावाची हजाराहून अधिक शेरांची मसनवी रचली. तिच्यात एका तरुणावर जडलेल्या प्रेमाची आणि विरहाची कहाणी कवी स्वतःच्या तोंडून सांगतो. सूफी कवी असल्यामुळे लौकिक प्रेमातून अलौकिकाकडे जाणारी वाट तिच्यात आहेच. पण पायरी म्हणून का होईना, ते प्रेम त्याने लपवले नाही. रूथ वनिता आणि सलीम किडवाई यांनी भारतीय साहित्यातल्या समलिंगी प्रेमाचा मोठा ग्रंथ २००० साली संपादित केला, त्यात सिराजच्या या मसनवीचा अंश घेतला आहे. हे मित्राकडून ऐकले तेव्हा मी चाळिशीला आलो होतो. शहागंजातून, पाणचक्कीवरून मी हजारदा गेलो असेन. याच रस्त्यांवर माझ्याआधी अडीचशे वर्षे एक माणूस असाच व्याकूळ फिरला होता, हे मला कोणी सांगितले नव्हते.

मराठी घरांना रंगभूमीनेही हेच शिकवले होते. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या आणि घरंदाज बायकांनी त्यांचे नेसणे उचलले. पडद्यामागे पुरुष आहे हे सर्वांना ठाऊक होते, आणि त्याने कोणाच्या आनंदात उणे आले नाही.

मग हे सारे असताना शब्द कोठे हरवला? त्याचे एक उत्तर कायद्यात आहे. इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंडसंहिता केली आणि तिच्या ३७७ व्या कलमाने अशा संबंधांना गुन्हा ठरवले, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. गुन्हा ठरलेल्या गोष्टीविषयी सभ्य घरांत बोलणे बंद होते. महाराष्ट्रात ही कोंडी फोडू पाहणारा पहिला माणूस म्हणजे र. धों. कर्वे. त्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना ते छापून उत्तरे देत, आणि त्या शंकांत समलिंगी वर्तनाविषयीच्या शंकाही असत. अशाच उत्तरांबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली कर्व्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड झाला. पण ज्याला शंका आहे त्याला ज्ञान मिळालेच पाहिजे, हे कर्व्यांचे म्हणणे आंबेडकरांनी आपले मानले, याचे मोल दंडाने कमी होत नाही. पुढे १९५० साली बाबासाहेबांनी आमच्या गावात मिलिंद महाविद्यालय काढले. त्याच्या वाटेने जाताना मला हटकून तो खटला आठवतो.

माझ्या जन्मानंतरचा इतिहास मात्र भराभर सरकला. १९८१ साली विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. त्याची नायिका एका मुलीवर प्रेम करते. १९८६ साली मुंबईचे पत्रकार अशोक राव कवी यांनी एका इंग्रजी मासिकातल्या मुलाखतीत आपण समलिंगी आहोत, असे उघडपणे सांगितले. १९९० साली त्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले आणि १९९४ साली हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पण मुंबईतली ही कुजबुज औरंगाबादच्या सतरंजीपर्यंत पोचली नाही. माझ्यापर्यंत शब्द आला तो १९९८ च्या डिसेंबरात, वाचनालयातल्या वर्तमानपत्रांतून. दीपा मेहता यांच्या ‘फायर’ या चित्रपटात दोन जावांचे परस्परांवर प्रेम दाखवले होते. मुंबईत आंदोलकांनी चित्रपटगृहांवर हल्ला केला, काचा फोडल्या, आणि त्या बातम्यांत ‘समलिंगी’ हा शब्द पुन्हा पुन्हा छापला जाऊ लागला. मी एकोणीस वर्षांचा होतो. तो शब्द मी वाचला, पेपर घडी करून ठेवला, दुसरा पेपर उघडला, तर त्यातही तोच. दहा वर्षे जी ओढ निनावी होती तिला नाव मिळाले, पण ते फुटलेल्या काचांच्या बातमीत मिळाले. आपल्यासारखी माणसे आणखीही आहेत, आणि त्यांच्यामुळे लोक दगड उचलतात, या दोन्ही गोष्टी मला एकाच सकाळी कळल्या.

पुढे शांतपणे बोलणारी माणसेही भेटली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर सरळ, साध्या मराठीत पुस्तके लिहिली. २००६ साली सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ कादंबरी आली. एका मराठी घरातले भाऊ आणि बहीण, दोघेही एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. ती वाचून झाल्यावर मी कितीतरी वेळ पुस्तक मांडीवर ठेवून बसलो होतो. आपल्यासारखा मुलगा मराठी घरात मराठी बोलतो, तेथेच जेवतो, हे मी प्रथमच छापलेले पाहत होतो.

कायद्याचे तर ऊन-सावलीसारखे झाले. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा गुन्ह्यात ढकलले. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमुखाने तो डाग पुसला. इतिहासाने या लोकांची क्षमा मागितली पाहिजे, अशा आशयाचे न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी निकालपत्रात लिहिले.

त्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून घरी आलो तेव्हा आई टीव्हीपुढे लसूण सोलत बसली होती. माझ्या पस्तिसाव्या वर्षी तिने स्थळे आणणे एकाएकी थांबवले होते. का, ते तिने कधी विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. पडद्यावर इंद्रधनुष्यी झेंडे नाचत होते. ती बराच वेळ पाहत राहिली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “म्हणजे आता पोलीस-बिलीस काही करायचे नाहीत ना रे?”

“नाही, आई.”

“बरं झालं. हातपाय धू, मी ताट वाढते.”

आमच्या घरात या विषयावर झालेले संभाषण ते एवढेच. मला ते पुरले.

सारे प्रश्न सुटले, असे मात्र नव्हे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले आणि तो विषय संसदेकडे सोपवला. माझ्या वर्गातल्या मुलांचे काय चालले आहे, याची मला त्याहून अधिक काळजी वाटते. आमच्या पिढीला चेहरे आधी मिळाले आणि शब्द फार उशिरा. या मुलांना शब्द आधीच मिळतो. तळहातावरच्या मोबाइलमध्ये तो हजारदा येतो. पण मधल्या सुटीत मी कान देऊन ऐकतो, तर तो शब्द बहुधा शिवी म्हणूनच वापरला जातो. ज्या मुलाला तो लागू पडतो, त्याने तो स्वतःसाठी कसा उचलावा? म्हणून चाल नाजूक असलेल्या मुलाला माझ्या वर्गात टोपणनाव पडत नाही, याकडे मी डोळ्यांत तेल घालून लक्ष देतो.

आणखी एक फरक आहे. सतरंजी गेली. प्रत्येकाचा पडदा वेगळा झाला, त्यामुळे पाहणे अधिक सोपे झाले आणि एकटेपण अधिक दाट. आम्ही निदान साऱ्या गल्लीत बसून एकटे होतो.

वाचकहो, फराळाचे ताट मांडीवर घेऊन हा अंक चाळत असताना तुमच्या घरात पाच-सात तरी माणसे असतील, आणि कोपऱ्यात टीव्हीही चालू असेल. त्यांतल्या एखाद्या मुलाची किंवा मुलीची नजर पडद्यावर कोठे थांबते, हे शोधू नका. ते शोधायचे नसते. एवढेच करा, की पडद्यावर अशा माणसांचा विषय निघाला तर हसून वाहिनी बदलू नका. ते पोर पडद्याकडे पाहत असले, तरी त्याचे कान तुमच्याकडे असतात. तुम्ही काय म्हणता, यावर त्याच्या पुढच्या दहा-वीस वर्षांचा इतिहास ठरतो.